एक इंच वाढवून

(सायकलचं दुकान, दुपारची वेळ. विकणारी तिशीतली, हाताला ग्रीस. गिऱ्हाईक साठीतला शिंपी.)

शिंपी: तू काहीही म्हण पोरी, मला ती लालच हवी. गिअर बघ तिचे. नुसतं बोट लावलं की सरकतात.

दुकानवाली: गिअर भारी आहेत, नाही कोण म्हणतं? पण काका, एवढ्या किमतीत एवढे भारी गिअर दिलेत, म्हणजे बनवणाऱ्याने कुठेतरी हात आखडता घेतला असणार. तो फ्रेममध्ये घेतलाय. उचलून बघा, धोंडा आहे. त्यापेक्षा ही राखाडी घ्या. किंमत तीच, गिअर साधे, पण फ्रेम एक नंबर.

शिंपी: अगदीच मुकी दिसते गं.

दुकानवाली: दिसू दे. गिअर, चाकं, सीट, सगळं पुढेमागे बदलता येतं. फ्रेम बदलायची म्हणजे नवी सायकलच. तुम्ही तिसऱ्यांदा आलात आणि मी तिसऱ्यांदा तेच सांगतेय. करता काय तुम्ही?

शिंपी: शिवणकाम. एकतीस वर्षं झाली.

दुकानवाली: मग मी पामर काय सांगणार. तुमच्याकडे कुणी हलकं कापड आणि भारी बटणं घेऊन आलं, तर काय म्हणता?

शिंपी: म्हणतो, बटणं काय, कधीही बदलून देईन. कापड चांगलं आण.

दुकानवाली: झालं तर मग.

शिंपी: कसलं झालं. बटणं लांबून दिसतात. कापड हात लावल्याशिवाय कळत नाही.

दुकानवाली: पण दाखवायचंय कुणाला?

शिंपी: रविवारी सकाळी माझ्या दुकानापाशी सायकलवाले जमतात. बारा-पंधरा जण. एरवी त्यांच्या जर्सीच्या चेन मीच बदलून देतो. उभं राहून अर्धा अर्धा तास गिअरवर बोलतात, वर माझ्या खोलीत सगळं ऐकू येतं. त्यातला एक म्हणाला, काका, घ्या एक आणि या आमच्याबरोबर. त्याने आपलं सहज म्हटलं असेल. मी दोन महिने तेच धरून बसलोय.

दुकानवाली: मग जा की. त्याला लालच कशाला हवी?

शिंपी: चांगले गिअर असले तर कुणीतरी विचारेल, काय काका, कसे चालतात? राखाडी फ्रेमबद्दल कोण काय विचारणार? रविवारी दुकान बंद असतं माझं. शनिवारी संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायला कारण नसतं.

दुकानवाली: आणि पहिल्याच चढाला ती जड लाल सायकल घेऊन मागे राहिलात तर?

शिंपी: तर कोण थांबतंय माझ्यासाठी.

दुकानवाली: म्हणून सांगतेय. बरोबर राहिलात तर बोलाल ना.

शिंपी: बरं बाई, दे राखाडी. पण मोठ्या मापातली दे.

दुकानवाली: मोठी कशाला? तुम्हाला मधली बसेल.

शिंपी: माप आणलंय मी. हे बघ, वहीतलं पान. बाही साडेचोवीस इंच. एवढ्या लांब हाताला मोठीच लागेल.

दुकानवाली: बसा मोठीवर. मी धरते. आता हँडल पकडा. कोपरं बघा, काठीसारखी ताठ झालीत. तासाभरात मान धरेल. माप चुकलंय.

शिंपी: माप चुकायचं नाही. शिंपी आहे मी.

दुकानवाली: घेतलं कुणी?

शिंपी: आमच्या हिने. अक्षर तिचंच आहे.

दुकानवाली: उतरा खाली. हात जरा लांब करा. खांद्यापासून मनगटापर्यंत... साडेतेवीस.

शिंपी: पुन्हा बघ.

दुकानवाली: साडेतेवीसच.

शिंपी: अरे हो. माझं माप ती इंच वाढवूनच लिहायची. धुतल्यावर आटतं म्हणून. मी विसरलोच.

दुकानवाली: मग येण्याआधी नवीन घ्यायचं ना. टेप तर गळ्यात आहे तुमच्या.

शिंपी: स्वतःच्या बाहीचं माप स्वतःला घेता येत नाही. खांद्यावरचं टोक दुसऱ्याने धरावं लागतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी याच पानावरून माझे शर्ट शिवतोय, हल्ली चांगल्या कापडाचे, न आटणाऱ्या. बाही लांब होते, मग दुमडून घालतो. मला वाटलं, मीच आटलो.

दुकानवाली: थांबा, दुसऱ्या हाताचंही घेते.

शिंपी: घे. घाई नाही मला.

दुकानवाली: तोही तेवढाच. मधली घ्या, डोळे झाकून. आता हे कार्ड भरू. सीटखालच्या पिशवीत ठेवायचं. रस्त्यात काही झालं तर कुणाला कळवायचं, त्यांचा नंबर सांगा.

शिंपी: माझ्या दुकानाचा लिही.

दुकानवाली: काका, तुम्ही रस्त्यात पडलेले असाल. दुकानातला फोन कोण उचलणार?

शिंपी: तेही खरंच.

दुकानवाली: मुलंबाळं?

शिंपी: मुलगी आहे, पण लांब. निरोप मिळून ती यायची म्हणजे तीन दिवस. उगाच घोर लागेल तिला.

दुकानवाली: शेजारी कुणी?

शिंपी: नवीन आलेत. बरे असावेत. तुझ्या दुकानाचा लिहिलास तर चालेल का?

दुकानवाली: लिहिते की. पण मंगळवारी आम्ही बंद असतो.

शिंपी: मग मंगळवारी सायकल नाही काढणार.