पोरीच्या भारोभार मुरमुरे

माहं माहेर कुरखेड्याकडचं, धानाचा मुलूख, आन मुरमुरे भाजाचं काम मले मायनं शिकवलं. धान भिजवाचं, उकडाचं, वाळवाचं, कांडाचं, मंग तापल्या रेतीत तांदूळ टाकला का असा फडफड फुलते का बगतच राहावं. लगन झाल्यावर बी थेच काम. काय सांगू वो बाई तुमाले, पन्नाशी उलटली, तरी हाताले रेतीचा चटका नाई बसला तं मले दिवस निंगाल्यासारखा वाटत नाई. आमच्या बाजारात मुरमुरे मापानं विकतात, काट्यावर नाई. पायली भराची आन वरतून एक मूठ घालाची, नाई घातली तं बाया भांडतात. म्हणून मुरमुऱ्याचं वजन किती भरते हे मले कदी ठाऊकच नव्हतं, काम काय त्याचं?

माहा मालक टरकवर. आंधी घुग्घुसले कोळसा वाहे, घरी आला का नुसते डोळे पांढरे दिसत. मंग पहाडातला लोखंडाचा लाल दगड वाहाले लागला. पयल्या दिवशी टरकच्या तळाले थोडासाक दगड टाकला आन मशीनवाला म्हणे, जा. हा म्हणे, अरे भाऊ, अर्धी बी नाई भरली, टाक ना अजून! थो मशीनवाला हासला, म्हणे टायर पाय आंधी. पायते तं टायर बसलेले. कोळसा हेच टरक भरून वर ढीग लावून नेला होता त्यानं. घरी येऊन सांगे आन सोताच हासे.

आता रोशनीचं सांगतो. माही पोट्टी सातव्या मयन्यातच झाली. दवाखान्यात नर्सबाईनं फडक्याच्या झोळीत टाकून काट्याले लटकवली, तं काटा हालला का नाई हालला असंच वाटे. नर्सबाईनं काटा दोनदा पायला आन पोट्टीले अजून एका फडक्यात गुंडाळली, त्याच्यानंच मले समजलं. सासू बिचारी पाठीवरून हात फिरवून म्हणे, बाई, जीव नको लावू लई. आता जीव काय लावाले लागते का वो? लागलेलाच रायते. छातीशी धरली तं पदरात काई हाये असंच वाटे ना. घरी आली का तशीच मातामायच्या ठाण्यावर गेली आन म्हणली, माय, इले जगव, चालाले-बोलाले लागली का इच्या भारोभार मुरमुरे तुले वाहीन. मुरमुरेच काऊन? घरात दुसरं होतं काय माह्या!

जगली बाप्पा. जगली, रांगली, साळेत जाऊन राह्यली, शेजारच्या पोट्ट्याले बदडून बी आली एकदा, मले तं आनंदच झाला. मंग जत्रेच्या दिवशी नवस फेडाले गेलो. चिचेच्या फांदीले मोठा तराजू बांधला, एका पारड्यात रोशनी बसली, पाय लोंबकळवत. दुसऱ्यात म्या मुरमुऱ्यानं भरलेली चुंगडी ठेवली, पोतंच म्हणा, चांगली फुगलेली, पोरीहून मोठी दिसे. मले वाटे उरतीनच. कायचं काय! पोरगी खाली जमिनीले टेकलेली आन चुंगडी वर टांगलेली. टोपल्यातले टाकले, पायलीभर घरी खाले ठेवले होते थे बी आणून टाकले, पारडं हालते कुठी. लोकं हासाले लागले. रोशनीचं तोंड रडकुंडीले आलं, म्हणे माय, मी लई जड हावो का वो?

तेवढ्यात मालक आला, सरळ टरक घेऊनच. टरक सरकू नाई म्हणून चाकाखाली ओट लावाले त्याच्यापाशी पपईएवढा लाल दगड असे. थो घेऊन हळूच माह्या कानाशी म्हणे, मुरमुऱ्याखाली सरकव, कोन पायते, एका झटक्यात बरोबर होते. माहं टाळकंच सरकलं. म्हणलं, लेकरू मातामायनं खरं देल्लं आन मी तिले दगड देऊ? नेऊन ठेव तुह्या चाकाखाली! बोलता बोलता रडूच आलं मले, का नवस अर्धा राह्यला आन पोरीले काई झालं तं?

तथी सरस्वताबाई बसली होती, मुरमुरेवालीच, बाजारात जाग्यापायी माह्याशी दर हप्त्याले भांडणारी. थे उठली, आपली अख्खी चुंगडी आणून ओतली आन म्हणे, रडू नको, उद्या भांडू. मंग दुसऱ्या बायानं आणले. पारड्यात मावे ना, तं लुगड्यात बांधून गाठोडं लटकवलं. आन वाढता वाढता रोशनीचे पाय जमिनीवरून उचलले, आन पोरगी खिदळाले लागली. म्या त्या ढिगाकडं पायलं, झोपडीच्या दाराएवढा ढीग, आन मनात आलं, बाप्पा, एवढी झाली माही पोरगी! जे पदरात लागत नव्हती थे. सगळ्या जत्रेनं खाल्ले थे मुरमुरे.

पुढं रोशनी सायन्स शिकली, आता आश्रमशाळेत शिकवते. तिनंच समजावलं मले. म्हणे माय, सगळं काई बारीक कणायचं रायते, डोळ्याले न दिसणाऱ्या, त्याले अणू म्हणतात. लोखंडाचा अणू सोताच भारी, कोळशाचा हलका, आन कोन किती दाटीनं बसला, त्याच्यावर दगडाचं वजन. म्हणलं म्हंजे वडश्याची काळीपिवळी जीप, माणसं कोनती आन कोंबली किती? म्हणे हो, तसंच. आन मुरमुरा? म्हणे थोच तांदूळ, फुलून आत बारीक बारीक पोकळ्या झाल्या, मधात हवा शिरली. म्हणलं, तवाच सांगती तं नवस गुळाचा बोलली असती!

आता तिले बी लेकरू झालं, दिवस भराच्या आंधीच झालं, माह्यासारखंच. गडचिरोलीले काचेच्या पेटीत हाये पोट्टी. काल फोन आला, रडून राह्यली होती. म्हणे माय, बोल ना तसाच नवस. म्या म्हणलं, तू तं मास्तरीन, तुले समजते सगळं, गुळाचा बोलतो, लवकर भरते. तं म्हणे नाई माय. मुरमुऱ्याचाच बोल, ढीग मोठा पायजे.

बोलून आली मी सकाळीच. वाटेत सरस्वताबाईले सांगून ठेवलं, थे म्हणे माही चुंगडी धरूनच चाल. थे पाहा, धान भिजाले टाकला हाये. थो आत्ताच्या बाजाराचा, नवसाचा मंग टाकीन, पोरगी चालाले लागू द्या. तुमी बी या बाई तवा. काई आणू नका, दोन मुठी मुरमुरे तेवढे आणा.