काळूची शेवंती, सुलाबाईची शेळी

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याआधी नाशिकच्या स्टँडवर एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी फुलवाल्या उभ्या होत्या.

"सुलामावशी, तुमच्या शेळीनं काळूच्या शेवंतीचे शेंडे खाल्ले म्हणं?"

"कोवळी रोपं होती तवाच. मुडदा गावभर बोंबलला, शेवंती मेली म्हणून."

"मेली का?"

"मरतीय कशाची! शेंडा गेला तसे खालचे डोळे फुटले. एका काडीच्या ढीगभर फांद्या झाल्या. आता फुलांनी वाकलीय."

"मग गप बसला असंल."

"गप? सकाळीच दारात आला. म्हणतो, नवी लावण केलीय, शेळी सोडा जरा."

"सोडा की मग!"

"कुठून सोडू? भांडण मिटवायला तीच कापून जेवण घातलं ना, त्याला न सांगता. मुंडी तर त्यानंच मागून खाल्ली."