मिस्त्रींचा कान

...नाही नाही, गाडीचं तेल गळतं त्याबद्दल माझी तक्रारच नाही हो! गळू दे की! खाली केक भाजायचा ट्रे सरकवून ठेवलाय मी, घरातलाच. तो नाहीसा झालाय हे बायकोला चार महिन्यांनी कळलं, आणि कुठे गेलाय हे कळल्यावर पुढचे चार महिने घरात केक झाला नाही, ते सोडा. तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे, एवढा साधा हिशेब आहे. ज्या दिवशी गळायचं थांबतं ना, त्या दिवशी घाबरायचं!

तुम्हाला सांगतो, विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. साठ वर्षांपूर्वीची, लाल, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार! हॉर्न दाबला की वायपर फिरतात. वायपर लावले की हेडलाइट जातात. हीटर कायमचा चालू, त्यामुळे पाय भाजतात आणि वरून टप उघडं म्हणून डोकं गारठतं. टप चढवायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात, पावसाला एक मिनिट पुरतं, म्हणजे टप चढेपर्यंत आत तळं झालेलं असतं आणि मग ते पाणी टपामुळे बाहेरही जात नाही! नट सगळे इंचातले, पाने सगळे मिलिमीटरचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं... पण एकदा सुराला लागली ना... आहाहा!

कधी ऐकलीय तुम्ही? नाही ना? मग बोलू नका! तिसऱ्या गिअरमध्ये, वळणावर, इंजिन असं घुमतं की छातीत काहीतरी हलतं हो. रस्त्यावरची पोरं हात करतात, म्हातारे थांबून बघतात. मी ऑफिसात खुर्चीवर बसलेला एक साधा टकलू कारकून, मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कारणाने कुणी हात केलाय?

पण सुराला लावायची कुणी? त्यासाठी आमचे गॅरेजवाले मिस्त्री. वय वर्षं शहात्तर. हिला कार्बोरेटर दोन. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाची नाकपुडी समजा, आणि दोन्ही नाकपुड्यांनी सारखाच श्वास घ्यायला हवा, नाहीतर गाडी शिंकत शिंकत मरते. मिस्त्रींकडे ना मीटर, ना मशीन. एक रबराची नळी. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानात, डोळे मिटायचे आणि स्क्रू पाव आटा फिरवायचा. "साहेब, मीटर खोटं बोलतं. माझा कान म्हणजे कान आहे!" आणि होताच हो! पण गेली काही वर्षं काय व्हायचं, मिस्त्रींच्या हातून आली की गाडी जास्तच शिंकायची. मी म्हणायचो, गाडीचं वय झालं.

आणि मग गेल्या महिन्यात मेव्हणीचा पन्नासावा वाढदिवस. नवे कपडे, अत्तर, हातात भेटवस्तू... आणि आम्ही पोचलो कसे? टो करणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीला मांडी लावून! सगळे पाहुणे फाटकात. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ही शांत बोलली. "एक रविवार देते. बहिणीकडे जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. न ढकलता. नाही जमलं तर सोमवारी गाडी भंगारात." झालं! ही ओरडते तेव्हा बोलते, शांत बोलते तेव्हा करते.

धावलो मिस्त्रींकडे. "मिस्त्री, वाचवा!" त्यांनी बॉनेट उघडलं, नळी कानात घातली, डोळे मिटले. तेवढ्यात शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन पडलं. मी उडालो, फळीवरचं मांजर उडालं, मिस्त्री ढिम्म! वर मान डोलवत म्हणतात, "हां... आता बघा कशी गातेय!"

गात नव्हती हो! गाडी बंद होती!! मी अजून किल्लीच लावली नव्हती!

म्हणजे इतकी वर्षं... आता त्यांना सांगायचं कुणी? ज्या माणसाची सगळी अब्रू कानात, त्याला तोंडावर सांगू, की तुम्ही बहिरे झालात? माझी नाही छाती झाली. मी आपलं थाप मारली. म्हटलं, मिस्त्री, माझेच कान तपासायचेत, मला एकट्याला भीती वाटते, सोबत चला. कानाच्या डॉक्टरीणबाईंना आधीच फोन करून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर काका, तुमचेही बघू." हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पाच मिनिटं झाली, मिस्त्री बटण धरून बसलेत, दाबत नाहीत. मग हेडफोन काढून म्हणाले, "बाई, तुमचं मशीन बिघडलंय. पाना आहे का?"

बाईंनी कानाचं छोटं यंत्र काढलं आणि त्यांच्या कानात बसवलं. मिस्त्री उठले. दोन पावलं चालले. थांबले. परत दोन पावलं चालले. खाली बघून म्हणाले, "माझ्या चपला करकरतात?" आणि तुम्हाला सांगतो, मला एकदम भरून आलं हो.

तिथून थेट गॅरेज. किल्ली फिरवली. मिस्त्रींचा चेहरा असा पडला, असा पडला... "साहेब, ही अशी वाजत होती? सायलेन्सर फुटलाय, दोन्ही कार्बोरेटर भांडतायत, दाराचे पत्रे खडखडतायत... आणि मी शाबास म्हणून हिला घरी पाठवत होतो?" मी म्हटलं, जाऊ द्या हो. "जाऊ द्या कसं!" पाच दिवस गॅरेजचं दार लावून बसले. मी फोन केला की, "ऐकतोय!" आणि ठेवून द्यायचे. शनिवारी बोलावलं. किल्ली फिरवली आणि... काय सांगू! लोण्यात सुरी! सुराला लागली होती हो... आहाहा!

रविवार उजाडला. ही शेजारी येऊन बसली, पायांत मुद्दाम चालायचे बूट घालून. टप चढवलेलं. निघालो. पहिला सिग्नल, बंद नाही. चढ, बंद नाही. धूर नाही, शिंक नाही, खडखड नाही! मी मनातल्या मनात नाचतोय, आणि इतक्यात...

"अहो."

मी दचकून ब्रेकच मारला! अहो, अकरा वर्षांत या गाडीत कुणी कुणाशी बोललेलंच नव्हतं. ऐकूच यायचं नाही ना! "डावीकडे!" आणि "धूर!" एवढाच आमचा संसार.

"अहो," ही म्हणाली, "अकरा वर्षं दर रविवारी तुम्ही गॅरेजात होतात. मी रविवारी काय करायचे, माहितीय तुम्हाला?"

नव्हतं माहीत. खरं सांगतो, नव्हतं. लाज वाटली मला. म्हटलं, सांग. चुकलो हो! 'सांग' म्हटलं मी! तिने सांगितलं. पहिल्या वर्षापासून, क्रमाने, कुणाचं नाव न गाळता. बहिणीचं घर आलं तेव्हा पहिलं वर्ष संपलं होतं. चहा झाला. परतीच्या वाटेवर दुसरं. आणि सगळं खरं! खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

घरी पोचलो. न ढकलता. हळूच विचारलं, "मग... गाडीचं काय ठरलं?"

"राहू दे की," ती म्हणाली. किती गोड हसली! "घरात मी बोलायला लागले की तुम्हाला तेल बघायचं असतं. इथे हातात स्टिअरिंग आहे, उठून जाल कुठे? पुढच्या रविवारी लांबच्या रस्त्याने जाऊ. तिसरं वर्ष जरा मोठं आहे."

गेलो ना दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे! पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, मिस्त्री, एकच स्क्रू... पावच आटा... थोडी शिंकू द्या. ते म्हणाले, "ते पाप आता नाही होणार साहेब. आता मला ऐकू येतं."

चार रविवार झाले. आम्ही सहाव्या वर्षात आहोत. गाडी वाचावी म्हणून काय काय केलं मी, आणि आता प्रत्येक चढावर आतल्या आत विनवतोय, पड गं बाई बंद, एकदाच पड, कुठेही पड... छे! सुराला लागलीये हो!