बसवली तिथं बसती

माझं नाव हौसाबाई. आमी आटपाडीकडची, मेंढरंवाली मानसं. दिवाळी झाली की मुलूख सोडायचा, घोड्यावर बाजलं-भांडी लादायची आन मेंढरांमागं चालत कृष्णाकाठाला यायचं, ते पाऊस पडंपतुर माघारी न्हाई. म्हंजे मला घर कमी ठावं आन वाट जास्ती. माझा बा चालता चालता लोकर कातायचा, बोलायचा, हिशेब करायचा, समदं चालता चालता. खाली बसला की त्याला झोप यायची. आमी पोरं पन तशीच वाढलो. शाळा न्हवती, पन येडी न्हवतो आमी, हे आदी लिवून घ्या.

लगीन झालं ते आमच्यातल्याच घरात. पन माझी पोर सुमी रांगत हुती तवाच ह्यांनी आन थोरल्या भावजींनी मेंढरं इकली आन उंब्रजला बिऱ्हाड केलं. हे टेम्पो चालवायला लागलं. आन काय सांगू तुमाला, शेजारीपाजारी कुनी धनगर म्हनलं की ह्यांची मान खाली. आरं, का खाली? कुनाचं काय चोरलं आपन? पन न्हाई. आता आपन एका जागंवरची मानसं झालो, आता एका जागंवरच्या मानसांसारखं ऱ्हायाचं. ह्या एका जागंनं माझ्या पोरीचं वाटोळं करायला घेतलं हुतं.

सुमी माझी थोरली. थोरल्या जाऊबाईची लता तिच्याच वयाची, एकाच वर्गात. लता गप बसायची, कोपऱ्यात पुस्तक धरून. आन सुमी? सुमी आंगनात उड्या मारायची. माझ्या बानं लोकरीची दोरी वळून दिलेली तिला, त्या दोरीवर उड्या मारत पाढं म्हनायची, कविता म्हनायची, नद्यांची नावं म्हनायची. दोरी थांबली की कविता थांबायची. मी भाकरी थापता थापता ऐकायची, मलाच अर्ध्या कविता पाठ झाल्या. जाऊबाई म्हनायची, हौसा, तुजी पोर मेंढरावानी पळती, आमची लता बग, बसवली तिथं बसती. आन हे ऐकून ह्यांचं तोंड बारीक व्हायचं.

सातवीला गेली तवा सगळं एकदमच आलं. एक तर पोर मोठी व्हायला आली, आता रस्त्यावरनं दिसंल असं उडायचं न्हाई. दुसरं म्हंजे सातवीचं वरीस म्हनून गुर्जींनी खेळाचा तास बंद केला, त्या तासाला बी गनितंच. घरी आली की शिकवनी, शिकवनी झाली की बापासमोर पाटावर बसायचं. आन ती दोरी ह्यांनी काढून घेतली आन टेम्पोतली पोती बांधायला लावली. माझ्या बानं वळलेली दोरी! मी भांडले, मला म्हनलं, तुला काय कळतंय शिक्षनातलं.

दिवाळीपतुर पोरीची रया गेली बगा. पुस्तक पुढ्यात आन नजर भिताडावर. येत असलेले पाढं चुकायला लागली. रातच्याला झोप न्हाई, सकाळी उठत न्हाई, हाक मारली तर रडायची. गुर्जी ह्यांना म्हनलं, पोरीचं डोकं मंद हाय, नापास व्हनार. हे घरी आले आन म्हनलं, नापास झाली तर शाळा बंद, पावनं बगायचं. बारा वर्साच्या पोरीला! मंद म्हनं. तुमी केली तिला मंद!

मग कुनीतरी सांगितलं, मिरजंला डोक्याची तपासनी करा. गेलो. डाक्तरीन बाई हुत्या, चांगल्या. डोळं बगितलं, रगत बगितलं, पोरीशी लय वेळ बोलल्या. मग इचारलं, खेळतीस का गं? सुमीनं बापाकडं बगितलं आन मान खाली घातली. तशा बाई ह्यांच्याकडं वळल्या. म्हनल्या, हिला काय बी झालेलं न्हाई. ह्या वयात पोरांचा मेंदू अजून घडत असतोय, त्याला झोप पायजे, खानं पायजे आन पळनं-उड्या बी पायजेत, तिला खेळू द्या. हे म्हनत्यात, ते खरं, पन एखादं टानिक तरी लिवून द्या. बाई म्हनल्या, दोरी आना, हेच टानिक.

आन ह्या मानसानं काय केलं म्हाईतीय? खाली येऊन दुकानातनं टानिकची बाटली इकत घेतली! मिरजंच्या स्ट्यांडवर माझ्या डोक्यात तिडीक गेली. जल्मात कवा नवऱ्याला अरं म्हनलं न्हवतं, तवा म्हनलं. चार मानसांत. अरं, तुजं डोकं कुठं तयार झालं रं? पाटावर बसून? मेंढरांमागं पळूनच ना? रान ओळखायला, मानूस ओळखायला पळत पळतच शिकलास ना? मग तुला लाज कशाची वाटतीया, तुज्या बाची का माज्या बाची? ह्यांनी बाटली पिशवीत कोंबली. उंब्रजला उतरल्यावर टेम्पोकडं गेले आन पोत्यांची गाठ सोडून दोरी आनून पोरीच्या हातात दिली.

सुमी पास झाली. पैली-बिली न्हाई आली, पन पास झाली, हसायला लागली, आता धाव्वीला हाय आन खो-खोत शाळंचं नाव काढतीया. आन हे गावभर सांगत फिरत्यात, आमी पोरीला पयल्यापास्नं मोकळं सोडलं. पयल्यापास्नं! ऐकलं की अजून पित्त खवळतंय माजं.

पन खरा राग वायलाच हाय. लता बी तवा तशीच झाली हुती हो. नजर भिताडावर, पाढं इसरलेली. पन ती रडली न्हाई, भांडली न्हाई, गप बसली, म्हनून तिला मिरजंला न्यावं असं कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. माज्या बी न्हाई आलं. नापास झाली, नशीब म्हनलं, शाळा बंद केली.

परवा तिला बगायला पावनं आलं. अजून अंगानं पोर हाय ती. पावन्यांनी इचारलं, मुलगी कशी हाय? तर जाऊबाई कौतुकानं सांगतीया, लय शांत हाय, बसवली तिथं बसती. आन पावनं खूश! माज्या अंगाची नुसती आग झाली. मी तशीच मधी जाऊन हुबी ऱ्हायले. म्हनलं, लता, ऊठ. चल भाईर माज्यासंगट.

लतानं माज्याकडं बगितलं. मग आईकडं बगितलं. उठली न्हाई.

पावन्यांचा सांगावा अजून आलेला न्हाई. येऊ दे, मी बगून घेते एकेकाला. दोरी दारातल्या खुंटीला टांगून ठेवलीया, सुमीला सांगितलंय, तू रोज लताला हाक मारायची. देवा बिरोबा, एकदा उठू दे पोरीला.