तिसरी मूठ

हॅलो?… हॅलो, कोण?… दिपू? अगं मोठ्यानं बोल, काय घरघर चाललीय मागे?… चक्कीवर? एवढ्या सकाळी धुळ्यात चक्क्या सुरू झाल्या?… हां हां, कानबाईच्या रोटाचं दळण. आधी चक्की धुतली का त्या जीवरामनं?… पुसून पण घेतली ना? मग ठीक. नंबर कितवा तुझा?… सातवा! मग बोल निवांत. थांब, दूध उतू चाललंय…

हां, बोल.

नाही. त्या मालिकेचं नाव काढू नकोस. सकाळी सकाळी नको… नको म्हणते ना! तोंडाची चवच गेलीय रात्रीपासून. शिळं वरण खाल्ल्यासारखं.

हो, बघितला. सगळा बघितला, दोन तास. महाअंतिम भाग म्हणे! त्यातला पाऊण तास नुसतं जुनंच दाखवलं. शर्वाणी लग्न होऊन येते, शर्वाणी जिन्यावरून पडते, शर्वाणी कैऱ्या फोडते… अरे, आम्ही बघितलंय ना बाबांनो, सहा वर्षं रोज साडेसातला दुसरं काय केलं? आमच्या ह्यांना बातम्या लावू दिल्या नाहीत. रविंद्रच्या साखरपुड्यात मी आत जाऊन मोबाइलवर भाग बघून आले, विहीणबाई अजून टोमणे मारतात. आणि हे त्याचं फळ!

काय?… तू रडलीस?

कशाला गं?… नाही, मला सांग, त्यात रडण्यासारखं काय होतं? ओकण्यासारखं होतं. त्या तेजेंद्रानं काय काय केलं होतं आठव. दिवस गेलेल्या बायकोला घराबाहेर काढलं. दुसरीला आणून तिच्याच पलंगावर बसवली. तिनं लोणच्याचा कारखाना काढला, तर रात्री जाऊन बरण्या फोडल्या. आणि आता काय, तर चाकाच्या खुर्चीत बसून आला, दाढी वाढवली, दोनदा खोकला, झाला देव! आरतीची घंटा वाजली तर पाय हलला त्याचा. शी! डॉक्टर कशाला शिकतात मग? घंटा वाजवा ना दवाखान्यात.

आणि ती बाई… ती बाई कारखान्याच्या चाव्यांचा जुडगा त्याच्या पायाशी ठेवते. "हे तुमचंच होतं." म्हणे! अगं, कैऱ्या तू फोडल्या, बोटं तुझी कापली, आणि तुमचंच होतं? मी उशी फेकली टीव्हीवर. हे म्हणाले, टीव्ही फुटेल. म्हटलं फुटू द्या.

नाही ना, हे काय पहिल्यांदा झालंय का? ती जुळ्या बहिणींची आठवते? साडेतीन वर्षं बघितली, आणि शेवटी काय? स्वप्न होतं! सगळं स्वप्न. आणि ती दवाखान्याची, तिच्यात ते पोरगं ऑक्सिजनवर होतं, शुक्रवारी मालिकाच बंद केली मेल्यांनी. ते पोरगं अजून तिथंच आहे, नाकात नळी घालून. यांना शेवट येतच नाही गं. एक पूजा मांडायची, सगळ्यांना भरजरी कपडे घालायचे, ओळीनं उभं करायचं आणि आपल्याकडे बघून हसायचं. जिनं दुधात विष घातलं ती पण हसतेय, जी ते प्यायली ती पण हसतेय. वीट आलाय नुसता.

आणि ती वकील मैत्रीण कुठे गेली? जिनं पाच वर्षं फुकट केस लढवली? ओळीत पण नव्हती!

आबांनी बघितलं का?… हो का, तुझे सासरे कधीपासून मालिका बघायला लागले?… हां, तुझ्या डब्यांच्या भाज्या निवडता निवडता. काय म्हणाले?… "बठ्ठं वाया गयं"? सगळंच वाया! बघ! ऐंशीच्या घरातल्या माणसाला कळतं, आणि त्या लिहिणाऱ्यांना कळत नाही. एवढंच बोलले?… आणि गवारीची परात बाजूला सारली. बरोबर आहे त्यांचं.

अहो, पिशवी नको, डबाच न्या! पीठ सांडतं पिशवीतून… काही नाही गं, आमचे हे. आमचेही गहू जायचेत अजून चक्कीवर. रोटाच्या मुठी टाकून ठेवल्यात मी पहाटेच, एक ह्यांच्या नावाची आणि एक रविंद्रच्या. तो पुण्यात असला म्हणून काय झालं, त्याची मूठ असतेच. वरून पायलीभर गहू, पोळ्यांना लागतात म्हणून. उद्या कानबाई बसणार आणि अजून देवीच्या नारळाला डोळे लावायचेत, भाजीचं गंगाफळ चिरायचंय…

नाही गं बाई, मला कुठला तुझ्याकडचा रोट! वेडी का तू? तुझं घराणं वेगळं, माझं वेगळं. रोट ज्याच्या त्याच्या घरच्यांनीच खायचा. आईनं कधी दिला आपल्याला लग्नानंतर? तुकडासुद्धा दिला नाही. बाहेरच्या झालो ना आपण.

बरं, तू टाकल्यास ना मुठी नीट? नावामागे सव्वा सव्वा मूठ?… हां. दोन्ही?…

किती?

तीन?

तीन कशा गं? आबांची एक. किरणची एक. झाल्या दोन. चार वर्षं झाली, तुझ्याकडे दोनच मुठी पडतात. तिसरी कोणाची आली?

थांब. थांब, तू बोलू नकोस. आधी मला सांग, तू काल का रडलीस?… नाही, ते सांग आधी. तो तेजेंद्र खुर्चीत बसून आला तेव्हा रडलीस ना? तिनं चाव्या ठेवल्या तेव्हा रडलीस ना?… हो ना? मला वाटलंच.

काय?… फोन? कोणाचा फोन?

भूषणचा.

कधी?… मालिका संपल्या संपल्या? म्हणजे तो पण… सुरतला बसून तो पण बघत होता? आणि काय म्हणाला?… "शर्वाणीनं माफ केलं"? असं म्हणाला तो? तोंडानं? अगं शी, शी, शी! लाज कशी वाटत नाही माणसाला! स्वतःचं काही सुचेना, तर मालिकेतलं उसनं घेऊन फोन करतो! आणि ती कुठंय, जिच्यासाठी गेला होता?… गेली सोडून. अरे वा. म्हणून आता घर आठवलं. आणि रोटाला येतो म्हणतो? उद्या?

तू ऐक माझं. नाही, तू ऐक! मी मोठी आहे तुझ्याहून. तो गेला तेव्हा तुझ्या अंगात ताप होता, आठवतं? किरण सहावीत होता. मी आले तर चुलीवर… गॅसवर काही नव्हतं, आबा बिस्किटं बुडवून देत होते पोराला. त्या वर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी तू विचारलंस, ह्यांची मूठ टाकू का? तर आबा काय म्हणाले? मी होते तिथं. स्वतःच्या पोटच्या पोराबद्दल म्हणाले, नको टाकू. सुपाकडं बघत म्हणाले. त्या माणसाला काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. आणि आता तू त्यांच्याच समोर त्याची मूठ टाकतेस?

काय अक्का अक्का करतेस! मला बोलू दे!

तीन डब्यांपासून सुरुवात केलीस. तीन! आता देवपूरच्या चाळीस पोरांना तुझा डबा लागतो. तुझ्या हाताला चटके बसले, तुझे गुडघे गेले. आणि आता तो येणार, दाढी वाढवून. दोनदा खोकणार. आणि तू त्याच्या पायाशी काय ठेवणार गं? चाव्या नाहीत तुझ्याकडे, झारा ठेवशील. त्या लिहिणाऱ्यांना शिव्या घालत होते मी इतका वेळ, आणि इथं माझ्या घरातच… तुझ्यात आणि त्या शर्वाणीत फरक काय राहिला मग? तिला निदान पैसे मिळाले तसं करायचे!

नाही, मला किळस आलीय तुझी. हो, तुझी. स्पष्ट सांगते.

मग कोणाची असणार? घरातल्या बाईची मूठ टाकलीय का कधी कोणी? आईनं टाकली? आजीनं टाकली? जन्मभर आपण दळायचं, आपण चाळायचं, आपण थापायचं आणि मूठ पडणार पुरुषाच्या नावानं. पाळण्यातल्या पोराची पडते, आपली पडत नाही. तुझ्या घरात पुरुष दोन. तिसरा तो. सरळ आहे ना! मला नको शिकवूस.

मी येते. हे काय, आत्ता बस पकडते. एरंडोल, पारोळा करत अडीच तासांत दारात उभी राहते तुझ्या. आणि ते पीठ… नाही, पीठ झालं तर झालं, गाईला घालते. त्याच्या नावाचं पीठ त्या घरात…

काय?

काय म्हणालीस?

परत सांग. चक्कीच्या बाजूनं जरा बाहेर ये आणि परत सांग.

तुझी?

तुझ्या नावाची मूठ? दिपमालाची?

…

नाही, आहे. आहे मी फोनवर.

…

कोणी सांगितलं तुला टाकायला?… कोणीच नाही. मनानंच. आणि रडलीस ती?… संतापानं? अगं मग आधी नाही का सांगायचं!… हो, बोलू दिलं नाही मी. बरं, चुकलं. पुढं सांग. आबा कुठं होते?… समोरच, खाटेवर. म्हणजे बघितलं त्यांनी. पहिली त्यांची टाकलीस, दुसरी किरणची… आणि मग?… हात डब्यात घातलास आणि तसाच राहिला. हो गं, राहणारच. मग?… टाकलीस. मोठ्यानं नाव घेऊन?… घेतलंस!

आणि आबा?… उठले? गुडघे धरून उठले, बरं… सुपाशी आले… अगं बोल ना पटकन, चक्की बंद पडली का तुझी!

"पाव मूठ राही गयी ना बेटा"?

असं म्हणाले? आणि… त्यांनी? स्वतःच्या हातानं? सव्वातली पाव त्यांनी टाकली?

…

नाही रडत. कांदा चिरतेय… हो, श्रावणात कांदा कुठला घरात! रडतेय, जा. तुला काय करायचंय?

मी काय काय बोलले गं तुला. किळस म्हणाले… नाही, म्हणाले मी. तोंडाला माझ्या काही धरबंध नाही… हो, लहानपणापासून नाही, माहितीय. तू पण ना! तिसरी मूठ म्हटल्याबरोबर सांगायचं, माझी आहे म्हणून.

आणि तो? त्याला काय सांगितलंस? येतोय का उद्या?

…

काय?… याच शब्दांत? रडत रडत की सरळ?… सरळ. परत म्हण एकदा. मला ऐकू दे.

"रोट बाहेरच्याला देत नाहीत."

अगं बाई गं!… मग?… ठेवला फोन. ठेवणारच. खुर्चीत बसून या म्हणावं आता, घंटा वाजवू आम्ही.

नाही, हसत नाहीये. हसतेय. दोन्ही चाललंय.

आला नंबर? जा, जा. आणि जीवरामला सांग, आधीच्याचं पीठ नीट झाडून घे, मिसळायला नको दुसऱ्याचं काही. डबा स्वतः धर. चाळलेला कोंडा फेकायचा नाही, माहितीय ना… बरं, माहितीय तुला सगळं. आबांना नमस्कार सांग माझा. म्हणावं, सुनंदानं वाकून केलाय. आणि दिपू…

काही नाही. ठेव तू. हो. ठेव.

अहो!… अहो, निघालात का? थांबा, गेटपाशीच थांबा. तो डबा आणा आत… नाही, काही विसरलं नाही. आणा म्हणते ना. ठेवा इथं ओट्यावर.

झाकण काढा.