अजीजभाईंनी न केलेली सही

भाभी, अध्यक्षसाहेब, वकील मित्रहो, आणि दाराबाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसांनो,

पहिल्यांदा बाहेरच्यांनी आत या. खुर्च्या नसतील तर वकिलांनी उठावं. आपण रोजच बसतो.

मी बोलणारा माणूस आहे. नांदुऱ्यात कुठलीही सभा असो, मला बोलावतात, आणि मी बोलतो. आज मात्र सकाळपासून एक वाक्य जुळवतोय आणि ते जुळत नाही. कारण या टेबलावर ज्यांचा फोटो ठेवलाय, त्या अजीजभाईंना वकिलांच्या या बार रूममध्ये आपण कधी खुर्ची दिली नव्हती. चहा ते त्या उंबऱ्याशी उभे राहून प्यायचे. आज हार घातलाय. हार घालायला आपण कधीच उशीर करत नाही.

माझ्या आधी तिघे बोलले. अजीजभाई निष्ठावान होते, म्हणाले. हसतमुख होते, म्हणाले. मित्रहो, गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कुणी त्यांना हसताना पाहिलं? मी नाही पाहिलं. आणि त्याचं कारण मी आहे.

तीस वर्षं ते माझ्या ऑफिसात टायपिस्ट होते. मी सांगायचो, ते टाइप करायचे. पण त्यांचं खरं काम कागद मशीनमधून बाहेर आल्यावर सुरू व्हायचं. पक्षकाराला ते ओसरीतल्या बाकावर शेजारी बसवायचे. शपथपत्र परिच्छेद परिच्छेद वाचायचे. एक परिच्छेद झाला की थांबायचे आणि म्हणायचे, "आता तुह्या तोंडानं सांग, म्या काय वाचलं ते." समोरच्याला सांगता आलं तरच पुढचा परिच्छेद. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

याच खोलीतून आपण त्यांची टिंगल करायचो. "अजीजभाई, शपथपत्र हाय का पोथी?" ते शांतपणे म्हणायचे, "पोथी चुकीची आइकली तं कोनी जेलात जात नाही, साहेब."

एकदा एक म्हातारे शेतकरी सगळं ऐकून म्हणाले, "अजीजभाऊ, लय भारी लिवलं. मले तं इतकं भारी बोलताच येत नाही." अजीजभाई म्हणाले, "मंग बाबा, हे बोललं कोन? अन् अंगठा कोनाचा लावून राह्यला?" कागद घेऊन आले आत, आणि माझ्यासमोर ठेवला. "साहेब, हे तुमचं हाय. त्याचं लिहा." मी चिडलो. पण पुन्हा लिहिलं. तीस वर्षं मी असा चिडत आलो आणि तीस वर्षं माझे कागद खरे राहिले.

मग मी नागपूरच्या एका कार्यशाळेला गेलो. तिथे पाहिलं, माणूस बोलतो आणि कॉम्प्युटर मराठीत लिहितो. मी वेडा झालो. वेड्यासारखं ते घेऊन आलो. याच टेबलावर तुम्हाला दाखवलं, आठवतं? मी बोलत होतो, पडद्यावर अक्षरं धावत होती, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात निम्म्या ऑफिसांत ते आलं. मी त्या यंत्राला दोष देणार नाही. ते सोपं होईल. त्याची एक वेलांटी चुकली नाही. मी जे बोललो, तेच त्यानं लिहिलं. फक्त मीच बोललो.

कारण त्याला एक अट होती. मी बोलत असताना खोलीत दुसरं कुणी बोललं की तेही कागदावर उतरायचं. म्हणून मी भिंतीवर पाटी लावली. डिक्टेशन चालू असताना बोलू नये. ज्यांची गोष्ट, त्यांनाच गप्प बसवणारी पाटी! आणि वकिलाच्या ऑफिसात ती कुणालाच खटकली नाही. एकट्या अजीजभाईंना खटकली. ते म्हणाले, "साहेब, लोक आपल्या इथं बोलायले येतात ना?" मी हसून विषय बदलला.

मी त्यांना काढलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरंच काढलं नाही. फक्त काम दिलं नाही. ते रोज दहाला यायचे, टाइपरायटरवरचं कापड काढायचे, पुसायचे, आणि पाचला पुन्हा घालायचे.

त्या वर्षी बीटी कपाशीवर बोंडअळी पडली. तुम्हाला सांगायला नको. पिशवीवर लिहिलं होतं अळी लागणार नाही, आणि बोंड फोडलं की आत अळी. लोक माझ्याकडे आले. मी सभांमधून कंपन्यांना शिव्या घातल्या, बियाण्याच्या राजकारणावर वाचलेलं सगळं बोललो. मग ऑफिसात येऊन माईक लावला आणि तक्रारींवर तक्रारी सांगत सुटलो. नाव बदललं, गाव बदललं, गट नंबर बदलला. बाकी मजकूर तोच. सगळ्यांची बोंडं अळीनंच खाल्ली, म्हणजे सगळ्यांची गोष्ट एकच, असं मी धरून चाललो.

त्यांत वडनेर भोलजीच्या कौसल्याबाई होत्या. स्वतः शेत कसणाऱ्या. माझं डिक्टेशन चालू असताना त्या मध्येच म्हणाल्या, "साहेब, त्या दुकानदाराचं जरा आइकून घ्या..." मी हात वर केला. "बाई, माईक चालू आहे." मी त्यांचा शब्द खोडला आणि पुढे सांगितलं, मृगाचा पाऊस पडल्यावर कपाशीची लागवड केली. सगळ्यांच्या कागदात तेच होतं.

शेवटी आपली नेहमीची ओळ. सदर मजकूर मला वाचून दाखवला, समजला, तो खरा आहे. ती तर मला बोलावीही लागत नव्हती, साच्यातच होती. खाली ओळख पटवणाऱ्याची सही. ती कायम अजीजभाईंची. मी कागद पुढे केला. त्यांनी पेन उचललं नाही.

"बाईले वाचून दाखवलं कोनी?"

"अजीजभाई, बाहेर वीस माणसं बसली आहेत. ही औपचारिकता आहे."

"मंग औपचारिक मानसाची सही घ्या, साहेब. माही नाही भेटत."

मी शिपायाची सही घेतली. अजीजभाईंनी पिशवी उचलली. दुसऱ्या दिवसापासून ते तहसीलसमोर पत्र्याखाली टेबल टाकून बसले. त्यांच्या जाण्याबद्दल इथं कुणी मला विचारलंही नाही. तुम्हीही आपापले माईक घेण्यात गुंतला होतात.

पुढचं मी या खोलीत आजवर कुणाला सांगितलं नाही.

बुलढाण्याला ग्राहक मंचात तक्रार उभी राहिली. सदस्य बाईंनी कौसल्याबाईंना सहज विचारलं, कपाशी कधी लावली? त्या सरळ म्हणाल्या, "अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. हिरीच्या पान्यावर." कंपनीचे वकील उठले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, शपथपत्रात पावसानंतर लिहिलंय. आणि लवकर लागवड केली की अळी वाढते, हाच तर आमचा बचाव आहे. तक्रारदार बाईंनी तेच लपवलं.

कौसल्याबाई माझ्याकडे वळल्या. "साहेब, म्या तुमाले सांगून राह्यली होती ना? दुकानदारानंच सांगतलं होतं, लवकर लाव, हे बियानं लवकरचंच हाय म्हनून."

तो दुकानदार! कंपनीचाच विक्रेता! आख्खा दावा त्या एका वाक्यात होता, आणि ते वाक्य मी हात वर करून थांबवलं होतं. मित्रहो, त्या वेळी मी उठून काय बोललो असेन? मी, इतका बोलणारा माणूस?

मी म्हणालो, "बाई, गप्प बसा."

तक्रार फेटाळली. निकालात लिहिलं, तक्रारदार स्वच्छ हातानं आलेली नाही, म्हणजे तिनं खरं लपवलं. आज वडनेरच्या नळावर बाया त्यांना म्हणतात, कोर्टात खोटी पडलेली. जी बाई त्या दिवशी त्या खोलीत एकटी खरं बोलली, ती.

मी अजीजभाईंकडे गेलो. पत्र्याखाली. त्यांनी सगळं ऐकलं. "आता अपील करा," म्हणाले. "पन पहिले बाईले इचारा. अन् तुम्ही तिले वाचून दाखवलं नोतं, हे तुमचं शपथपत्र सोबत लावा."

मी म्हणालो, "माझी सनद जाईल, अजीजभाई."

ते म्हणाले, "जाईन. तुमची सनद हाय, तिची इज्जत हाय. तराजू तुमच्या जवळ हाय, मी कायले सांगू?"

विचार करतो, असं सांगून मी निघालो. मी विचार करत राहिलो. चांगला, वाचलेला माणूस फार विचार करतो. गुरुवारी दुपारी अजीजभाई त्या टेबलावर मान टाकून गेले. त्यांच्या समोरच्या बाकावर एक माणूस शपथपत्र ऐकत बसला होता. निम्मंच ऐकून झालं होतं.

अपिलाची मुदत सोमवारी संपते.

माझं शपथपत्र मी काल लिहिलं. हातानं. हे पाहा. आणि ही सही, तुमच्या सगळ्यांच्या समोर. अध्यक्षसाहेब, सोमवारनंतर माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, मी बचाव करणार नाही. पण नुसत्या या कागदानं अपील होत नाही. त्या बाईंचं म्हणणं हवं. ते आजही माझ्याजवळ नाही. मी त्यांना अजून पुरतं ऐकलेलंच नाही.

कौसल्याबाई सकाळच्या एसटीनं अजीजभाईंसाठी आल्या आहेत. माझ्यासाठी नाही. त्या तिथे, दाराशी, भाभींच्या मागे बसल्या आहेत.

अजीजभाई, तुम्हाला माझा सलाम. तो तुम्ही घ्याल की नाही, मला माहीत नाही.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. शोकसभेत दोन मिनिटं शांत राहतात. घड्याळ पाहू नका. आज बाईंचं बोलणं संपेपर्यंत शांत राहायचं आहे, कितीही वेळ लागो. कुणीही मध्ये बोलायचं नाही. मी तर नाहीच नाही.

कौसल्याबाई, इकडे या. कपाशी लावायच्या आधीपासून सांगा. मी लिहून घेतो.