खिशातले हात

टेसारेकबाईंच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांची शाळकरी नात उभ्या होत्या. नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या शाळेत बाई गृहविज्ञान शिकवायच्या.

"उद्या दफनानंतरचं जेवण तुमच्या शाळेच्या स्वयंपाक क्लबकडे ना, ब्रेना?"

"हो. मी पहाटेच जाऊन सगळं एकटीच करून टाकणारे."

"आणि बाकीच्या पोरी?"

"डार्लाला बटाटे दिले तर करपवून ठेवेल."

"तू नव्हते करपवलेस?"

"करपवले की. बाई शेजारीच उभ्या होत्या, एप्रनच्या खिशात हात घालून."

"ओरडल्या?"

"छे! 'आता काय करायचं ते तूच सांग,' म्हणाल्या. मला क्लबची प्रमुख केलं तेव्हा म्हणाल्या, 'आता तुझेही हात खिशात. पोरींना करू दे.' नाही जमत गं मला. चमचा दिसला की हात जातोच."

"जमेल हळूहळू."

"कसं जमेल? आता टोकणार कोण?"

"चल, आपली पाळी आली. डोळे पूस."

"आजी, त्यांना एप्रन घातलाय."

"त्यांनीच सांगून ठेवलं होतं म्हणे."

"हात बघ ना त्यांचे. खिशात आहेत."

"बघितले. रडू नकोस, बाळा."

"रडत नाहीये. बटाटे डार्लाच करेल."